आधी पंचनामा, मग केर

एप्रिलमध्ये, भर दुपारी आमचं घर पेटलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं कौलारू घर, माळ्यावर पेंढा आणि काजूबियांची चार पोती. वायर तिथेच कुठेतरी जळली असावी. बियांच्या टरफलात तेल असतं हे ठाऊक होतं, पण पोतं पेटल्यावर ते कसं तडतडत उडतं ते त्या दिवशी पाहिलं. वायरमनला फोन करून आधी लाईन बंद करायला लावली, मगच विहिरीचं पाणी मारलं. बंब तालुक्याहून येईपर्यंत वाडीतल्या पोरांनी मधली कौलं उतरवून रिपा तोडल्या, म्हणून काकांची बाजू वाचली. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती, म्हणून आई वाचली.

दुसऱ्या दिवशी शेजारणी केरसुण्या, घमेली घेऊन आल्या. पोलीस पाटील ओरडले, "काय हलवू नका! तलाठी येऊ देत." पंचनामा झाला, पण एक चूक झालीच. भांडी, कपडे, कपाट सांगितलं. शिलाई मशीन आणि काजूची पोती सांगायची राहिली. कागदावर नाही ते नव्हतंच, असा तिथला हिशेब.

आईचा नोटांचा डबा राखेत सापडला. नोटा एकमेकींना चिकटून काळ्या वडीसारख्या झालेल्या. मी त्या सुट्या करायला गेलो तर कडा भुगा होऊन पडल्या. गावच्या बँकेने घेतल्या नाहीत; इतक्या जळक्या नोटा शाखेत चालत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच द्याव्या लागतात. म्हणून डबा कापसात गुंडाळून बेलापूरला नेला. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. आमच्या बऱ्याचशा निम्म्यातच गेल्या. मी हात लावला नसता तर बरं झालं असतं.

खरी अडचण मदतीच्या अर्जात आली. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. सगळ्या वारसांचं संमतिपत्र आणा, म्हणाले. भाऊबंद सगळे मुंबईत, फोनवर फक्त "बघू". शेवटी गणपतीपर्यंत थांबलो. यंदा मूर्ती काकांच्या पडवीत बसली. आरती झाली आणि कागद फिरवला. धाकट्या चुलतभावाने पेन हातात घेतलं नि विचारलं, "दादा, सही करतो रे, पण नव्या घरात आमची खोली कुठली?"