आजेसासऱ्यांचा शेला
मी कुडाळकडे राहतो आणि जुन्या पोर्ट्रेटच्या हाताने केलेल्या प्रती विकून पोट भरतो. म्हणजे रिसॉर्टवाल्यांना "काहीतरी रॉयल" हवं असतं, पगडी, तलवार, मोत्यांची माळ, मग कोणत्यातरी संस्थानिकाची कॉपी लॉबीत लागते आणि गिऱ्हाईक त्याच्यासमोर सेल्फी काढतं. हे काम डोळे मिटून होतं. पण दोन वर्षांपूर्वीचं एक काम अजून डोक्यातनं जात नाही.

एका जुन्या घरात वाटणी झाली. माजघरात पणज्याचं मोठं तैलचित्र होतं, अडीच फूट बाय तीन, सही नाही कुठेच. ते मोठ्या भावाच्या वाट्याला गेलं, तो मुंबईला नेणार. पण घरात त्यांच्या काकी एकट्याच राहतात, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना भिंत रिकामी नको. म्हणून मला फोन, अगदी सेम टू सेम करा, साइझ पण तीच, कारण चित्र काढलं की भिंतीवर फिकट चौकोन राहतो तो झाकला पाहिजे. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये बसून कॉपी करणाऱ्यांना नियम आहे की मूळ चित्रापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी करायची, कोणी खरी म्हणून खपवू नये म्हणून. आमच्याकडे नेमकं उलटं. मी आपला मागच्या बाजूला "प्रत" आणि साल लिहून मोकळा होतो.

चित्राची हालत म्हणाल तर, खाली देवघराची समई, वर्षानुवर्षं काजळी, वरचं व्हर्निश पिवळं पडून मधासारखं झालेलं, आणि डाव्या गालावरून मिशीपर्यंत पाण्याचा पांढरट ओघळ. खांद्यावरचा शेला मळकट पांढरा. मोठ्या भावाने सांगितलं, डाग घेऊ नका, स्वच्छ काढा. मापं घ्यायला फ्रेम उतरवली, मागचे गंजलेले खिळे पकडीने उपटले, आणि कॅनव्हास बाहेर काढला तर खालच्या कडेला, फ्रेमच्या खाचेत दडलेली पाव इंचाची पट्टी, तिथे तोच शेला गुलाबी! पिकलेल्या जांबाचा असतो ना तसा गुलाबी. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

यात जादू काही नाही. जुने लाल रंग, किड्यांपासून केलेला कार्माइन काय किंवा नंतरचा अलिझरिन काय, पांढऱ्यात मिसळून पातळ लावले की उजेडाने उडतात. इंग्लंडात १८व्या शतकात सर जोशुआ रेनॉल्ड्स उमरावांची पोर्ट्रेट करायचा, त्याच्या चेहऱ्यांमधली लाली त्याच्या हयातीतच उडायला लागली होती, लोक पैसे मोजून पांढरेफटक झाले. इथे फ्रेमखाली ऊन पोचलं नाही म्हणून तेवढी पट्टी वाचली. मूळ चित्राला मी हात लावत नाही, ते रिस्टोरेशनवाल्यांचं काम, पण कॉपी तर माझी होती ना.

तर मी पेटलोच. दोऱ्याने चौकटी पाडून ड्रॉइंग घेतलं, सगळा शेला गुलाबी केला, गालात थोडी लाली, डाग नाही, काजळी नाही. जून-जुलैत काम म्हणजे वैताग, जवसाचं तेल वाळता वाळत नाही, बाजूला शंभरचा बल्ब लावून ठेवायचा नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी घेऊन गेलो. मूळ चित्र तोवर मुंबईला रवाना.

कापड काढलं. काकींनी चष्मा पुसला, जवळ आल्या, लांब गेल्या.

"झिला, ह्यो दशावतारातलो राजा खयसून हाडलंस?"

मी आपला समजावतोय, काकी असं असं, मुळात रंग गुलाबीच होता, फ्रेमखाली बघितलं मी, उन्हाने उडाला. मोबाईलवर पट्टीचा फोटो दाखवला. त्यांनी नीट बघितला, खोटं आहे असं काही म्हणाल्या नाहीत.

"आसात. पण मी लगीन होवन इलंय तेव्हापासून शेलो मळकोच बघतंय. आणि डाग खय गेलो?"

मग कळलं. एका पावसाळ्यात रात्री कौल फुटलं, पाणी थेट चित्रावर, आणि काकींचे यजमान भर पावसात कंदील घेऊन वर चढले होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोठ्या भावाला हे माहीत होतं की नाही देव जाणे, मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला होता, एवढा शोध लावला आणि बाईंना डाग पाहिजे! येताना रिक्षात फणफणत आलो.

चित्र परत आणलं. रॉ अंबर आणि जरासा पिवळा ऑकर तेलात पातळ करून सगळ्यावर फिरवला, जुन्या पंच्याने टिपून टिपून काढला, शेला हळूहळू मळत गेला. ओघळाने मात्र रडवलं. ब्रशने काढला की ब्रशने काढल्यासारखाच दिसायचा, पाण्याला कशी वरून घाई असते आणि खाली येऊन ते रेंगाळतं, ते जमेना. सात वेळा पुसला. शेवटी कोरड्या ब्रशला नावापुरता पांढरा लावून, कॅनव्हास उभा धरून, मिशीपाशी बोटाने दाबला तेव्हा कुठे आला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी टांगलं. काकींनी पदराने फ्रेमची धूळ पुसली, जी नव्हतीच, आणि "हां, आता बसा" म्हणाल्या. मला की त्यांना, कळलं नाही. मी बसलो, चहा झाला, घावणे झाले.

खालच्या कडेची पाव इंच पट्टी मी गुलाबीच ठेवली आहे, ती फ्रेमच्या खाचेत गेली, कोणाला बोललो नाही. त्यात अलिझरिन नाही घातलं, क्विनाक्रिडोन घातलंय, तो उडत नाही.