फुलाआधी पान बघा

नव्या घरात आलो ते थंडीत. आधीच्या मालकांनी बाग हौसेनं लावली होती हे दिसत होतं, पण कुठल्याच झाडाला चिठ्ठी नव्हती आणि सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. मला त्यातली जास्वंद, बोगनवेल आणि कर्दळ एवढीच ओळखता आली.

बाकीची ओळखायची घाई झाली ती एका घटनेमुळे. माझी तीन वर्षांची भाची अंगणात खेळत होती. तिच्या मुठीत एक हिरवं, टणक, तिकोनी फळ दिसलं. वर बघितलं तर कुंपणाशी पिवळ्या घंटेसारखी फुलं. फळ काढून घेतलं, तिचे हात धुतले, तोंडात काही गेलेलं नाही याची खात्री केली आणि फुलाचा फोटो मोबाईलवरच्या एका अॅपला दिला. उत्तर आलं, टेकोमा. दुसऱ्या कोनातून फोटो काढला तर म्हणे अलामांडा.

एका परिचितांमार्फत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "फूल राहू दे. फांदी दाखव. पानं देठावर कशी बसलीत? समोरासमोर, एकाआड एक, की एका पेरावरून तीन-चार? पान मोडलं तर चीक येतो का? हातमोजे घालून बघ, आणि तो हात डोळ्याला लावू नकोस."

बघितलं. पानं अरुंद, लांब, सुटी, फांदीभोवती एकाआड एक. मोडताच पांढरा चीक. टेकोमाची पानं संयुक्त असतात, म्हणजे एका दांड्यावर कातरलेल्या कडांच्या पर्णिका, आणि त्यांना असा दुधाळ चीक नसतो. अलामांडाला चीक असतो, पण पानं रुंद आणि बहुधा एका पेरावर तीन-चारच्या घोळक्यात. उरली ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. झाड सगळंच विषारी, त्यातही बी जास्त. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात. प्राध्यापक म्हणाले, "पोटात गेलं असं वाटलं तर उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना." ते झाड मी आठवडाभरात काढून टाकलं. सुंदर होतं, तरीही.

त्या दिवसापासून पद्धत ठरली. प्रत्येक झाडासाठी वहीचं एक पान. पानांची मांडणी, कडा, चीक, खोड गोल की चौकोनी, कळी कशी, फूल किती वाजता उमलतं, आणि फळ येईपर्यंत जागा मोकळी. अॅप मी सोडलं नाही, पण आता फूल, पान, फळ आणि खोड असे वेगवेगळे फोटो देतो आणि आलेलं उत्तर वहीशी ताडून बघतो. हा फरक फार मोठा आहे.

पांढऱ्या फुलांच्या दोन झुडपांनी मला बरंच झुलवलं. दोन्हींची पानं समोरासमोर, गडद, चकचकीत. एकाला चीक आला आणि पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला वळलेल्या, म्हणजे तगर. दुसऱ्याला चीक नाही, दोन देठांच्या मधोमध बारीकशी उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी चिमुकली अंगं, आणि फूल जुनं होताना पिवळट पडत जाणारं. तो अनंत.

रातराणी वासावरून आधी कळली, झुडूप मागाहून. दिवसा तिची हिरवट नळकांडी मिटलेली असतात, त्यामुळे मी रोज तिच्याजवळून जात होतो तरी लक्ष गेलं नव्हतं. रात्री बॅटरी घेऊन वासाच्या मागावर गेलो तेव्हा सापडली. गुलबाक्षी मात्र दुपार कलताना उमलते. तिच्यात ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच, रंगीत झालेला निदलपुंज आहे, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली असणारं हिरवं आवरण. बोगनवेलीत रंग छदांना, म्हणजे फुलाभोवतीच्या पानांना असतो आणि खरं फूल आतली बारीक पांढरट नळी. ओळखीच्या वाटणाऱ्या झाडांकडेसुद्धा आपण नीट बघितलेलं नसतं.

आता त्या रिकाम्या वाफ्याबद्दल. भिंतीच्या सावलीत हातभर जागा उघडी होती. तिथे काहीतरी लावावं म्हणून कुदळ मारली तर छोटा कंद निघाला, मुळांना गाठींसारखे फुगीर भाग लोंबत होते. फेकणार होतो. प्राध्यापक म्हणाले, "वर्षभर कुठलीच जागा रिकामी समजू नकोस." कंद परत पुरला.

उन्हाळा ऐन भरात असताना एका सकाळी त्या कोरड्या मातीतून थेट फूल वर आलं होतं. देठ नाही, पान नाही, जमिनीला टेकलेलं पांढरं फूल, जांभळी पाकळी, मंद सुगंध. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून बघूनच सांगितलं, "अहो, हा भुईचाफा!"

नाव मिळालं, पण तेवढ्यावर थांबवेना. आपल्याकडे चाफे किती! सोनचाफा एका कुळातला, देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नाव एक आणि नातं काहीच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली रूढ केलेल्या दोन शब्दी शास्त्रीय नावांची गरज मला तिथे खऱ्या अर्थानं पटली. प्राध्यापकांच्या मते हा आल्या-हळदीच्या कुळातला, कॅम्फेरिया रोटुंडा. "पण पान आल्याशिवाय वहीत पक्कं लिहू नकोस. पान उलटून बघ."

फुलं संपली, वाफा पुन्हा उघडा पडला. पाऊस सुरू झाल्यावर गुंडाळलेली टोकं वर आली आणि हळूहळू उलगडली. वरून हिरवी, त्यावर फिकट नक्षी. गुडघे टेकून एक पान अलगद उलटलं. खालची बाजू जांभळी होती. आत जाऊन वही आणली.