भुरी आणि तीस पावलांचे अंतर

गेल्या मार्चमध्ये कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीजवळच्या मैदानावर भुरीने एका लॅब्रेडॉरचा कान फाडला. तो मोकळा धावत आला होता, त्याच्या मालकीणबाई लांबूनच "आमचा काही करत नाही हो, खेळायला येतोय!" असे सांगत होत्या, आणि मी घाबरून पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला देऊन तो आवळून धरला होता. उपचाराचा खर्च मी दिला, क्षमाही मागितली. परंतु पट्टा आवळून भुरीची मागे सरण्याची वाट मीच बंद केली होती, हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले.

भुरी गावठी कुत्री आहे. पाच महिन्यांची असताना मागच्या गल्लीत दोन मोठ्या कुत्र्यांनी तिला खाली पाडून चावे घेतले होते. तिचे अंगावर जाणे हा माज नसून भीती आहे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. मात्र तसे सांगण्यापूर्वी त्यांनी तिचे कान, दात आणि मागचे सांधे नीट तपासले, कारण दुखणे अंगात असलेला प्राणी लवकर चिडतो. ही तपासणी कोणीही टाळू नये.

त्यानंतर मी अंतर मोजायला शिकले. दुसरे कुत्रे तीस पावलांवर असेल तर भुरी त्याच्याकडे पाहते आणि माझ्या हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडाही खाते. पंचवीस पावलांवर तिचे तोंड मिटते, कान पुढे होतात, खांद्यापासून पाठीपर्यंतचे केस उभे राहतात आणि तोंडात दिलेला तुकडा तसाच खाली पडतो. तुकडा पडला की त्या क्षणी तिला काहीही शिकवता येत नाही, फक्त वळून दूर जायचे असते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कुत्रे दिसले पाहिजे, मग चिकन, आणि कुत्रे भिंतीआड गेले की चिकन बंद. क्रम उलटला तर चिकन पाहूनच तिला संकटाची चाहूल लागते. इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी, पण घंटेसारख्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हे त्यांचे निरीक्षणच या साऱ्या पद्धतीचा पाया आहे.

गुरगुरल्याबद्दल तिला दटावणे, साखळीला झटका देणे, हे सल्ले मला पुष्कळांनी दिले आणि ते मला मनापासून चुकीचे वाटतात. गुरगुरणे ही तिची पूर्वसूचना आहे. ती दाबून टाकली तर भीती तशीच राहते आणि चावा मात्र न सांगता बसतो.

मैदानावर जाताना ती आता जाळीची मुसकी घालते. कापडी, घट्ट मुसकीत कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, आणि कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवत असल्यामुळे पुण्याच्या एप्रिलमध्ये ती घातक ठरू शकते. मुसकीची सवय लावायला मला तीन आठवडे लागले. आत दह्याचे बोट लावून मी ती नुसती समोर धरत असे, आणि भुरी स्वतःहून नाक आत घालू लागल्यावरच पट्टी बांधली.

गणपतीच्या आधीचे काही आठवडे आम्ही मैदानावर अजिबात जात नाही. ढोल-ताशांचा सराव संध्याकाळभर कानावर आदळत असतो, तो ताण दुसऱ्या दिवशीही उतरलेला नसतो, आणि अशा दिवसांत तिची तीस पावले पन्नास होतात. तेव्हा आम्ही पहाटे साडेपाचला म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी फिरतो आणि दोन मोकळी कुत्री एकत्र दिसली की तिथूनच परततो.

तोच लॅब्रेडॉर परवा पलीकडच्या कुंपणालगत पट्ट्याने बांधून फिरत होता. मी मनातल्या मनात पावले मोजली, ती अठरा भरली. भुरीने त्याच्याकडे पाहिले, तिचे कान पुढे झाले, आणि मग मान वळवून तिने माझ्या खिशाकडे पाहिले. मालकीणबाईंनी लांबूनच हात हलवला आणि आपल्या कुत्र्याला घेऊन त्या दुसऱ्या फाटकाकडे वळल्या.