तैपेईला बास्केटबॉल खेळून आले, पुढे जाणाऱ्यांसाठी सगळं लिहितेय

मी नागपूर विद्यापीठाकडून 1996 ते 99 खेळले. वेस्ट झोन इंटर युनिव्हर्सिटीपर्यंत पोचले आणि गाडी तिथेच थांबली, नॅशनल कॅम्पचं बोलावणं काही कधी आलं नाही, मग बीएड, नोकरी, लग्न, दोन मुलं, आणि बॉल गेला माळ्यावर. त्यामुळे मे 2025 मध्ये तैवानच्या तैपेईला वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये बास्केटबॉल खेळून आले म्हणल्यावर निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न हाच, की तुझं सिलेक्शन कसं झालं गं?

तर सिलेक्शन नसतंच. हे नीट सांगते कारण यातच लोक फसतात. वर्ल्ड मास्टर्स गेम्स 1985 साली टोरोंटोला सुरू झाले, साधारण चार वर्षांनी होतात, आणि बहुतेक खेळांत वय 30 पूर्ण असलं की कोणीही नाव देऊ शकतं. आधी कुठल्या लेव्हलला खेळलात हे कोणी विचारत नाही. टीम तुम्हीच जमवायची, गेम्सच्या वेबसाइटवर स्वतः रजिस्टर करायचं, फी भरायची, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट. बस. म्हणजे आम्ही काही भारताने पाठवलेला संघ नव्हतो, भारतातून आपल्या पैशाने गेलेल्या नऊ बायकांची टीम होतो, आणि हे मी सगळीकडे तसंच सांगते. आमच्यातल्या दोघींना आधी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी 'सिलेक्शन लेटर' देतो म्हणून प्रत्येकी पंधरा हजार मागितले होते, त्यांनी दिले, आणि ते पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत. कृपा करून असल्या कुणालाही एक रुपया देऊ नका. शाळेत सत्कार करायला, पेपरात फोटो छापायला असलं लेटर बरं वाटतं, पण कोर्टवर उतरायला ते लागत नाही.

आमच्या टीममध्ये नागपूरच्या चार, पुण्याच्या तीन आणि इंदूरच्या दोन. सगळ्या चाळिशी पार. एकत्र प्रॅक्टिस मात्र दोनच वेळा झाली, पुण्यात दोन वीकेंड, आणि ती कमी पडली. फिटनेस ज्याचा त्याने आपापल्या गावी करता येतो पण एकमेकींच्या पासची सवय तशी होत नाही, मी पास दिला की समोरची तिथे नसायचीच, ती अजून कॉलेजातल्या तिच्या टीमसारखी कट (एकदम दिशा बदलून पळणं) मारत असायची आणि मी माझ्या टीमसारखी. निदान चार-पाच वेळा तरी भेटाच.

आता महत्त्वाचं. तुम्ही माझ्यासारखे नव्वदच्या दशकात खेळून सोडून दिलं असेल तर आधी नियम वाचा. खरंच सांगते, पाय नंतर, नियम आधी. आम्ही खेळायचो तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि शॉट घ्यायला 30 सेकंद, आणि तेसुद्धा आमच्या इंटर कॉलेजला घड्याळ कुठे होतं, टेबलावरचा एखादा सर स्टॉपवॉच धरून ओरडायचा. 2000 सालापासून दहा मिनिटांचे चार क्वार्टर झाले, 30 चे 24 सेकंद झाले, आणि कोर्टच्या आपल्या अर्ध्या भागातून बॉल पुढे न्यायला दहाच्या जागी आठ सेकंद. थ्री पॉइंटची रेघ 6.25 मीटरवर होती ती 2010 मध्ये 6.75 वर गेली, बास्केटखालचा खाली पसरत जाणारा भाग होता ना, तो त्याच वेळी सरळ आयत झाला. शॉट चुकून रिंगवरून उडालेला बॉल, म्हणजे रिबाउंड, शॉट मारणाऱ्याच टीमला मिळाला तर आता पूर्ण 24 नाही, 14 सेकंदच मिळतात. दोघींनी बॉल धरून ठेवला की पुन्हा उडवत नाहीत, टेबलावर एक बाण असतो तो ज्या बाजूला त्यांचा बॉल. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला सरळ दोन फ्री थ्रो. हे सगळं मी वाचलं होतं हो, पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं.

पहिल्या मॅचला पहिल्याच क्वार्टरमध्ये आमची तीन वेळा 24 सेकंदांची व्हायलेशन झाली. तीन वेळा! मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी, बॉल माझ्याच हातात, आणि मी आरामात वरती दोन पास फिरवून, बास्केटजवळ खेळणाऱ्या सेंटरला हात दाखवून, आता जरा बघू म्हणेपर्यंत तो भोंगा वाजायचा. कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलेलं की गार्डने घाई करायची नाही, आणि ते अंगात इतकं मुरलेलं की बावीस-तेवीस वर्षं बॉल हातात न धरता सुद्धा ते गेलं नव्हतं. ती मॅच आम्ही वीसच्या वर पॉइंटने हरलो. रात्री हॉटेलात बसून आम्ही एकच ठरवलं की बॉल पुढे आला की एकीने बाहेरून मोठ्याने 'दहा' ओरडायचं म्हणजे दहा सेकंद उरले, त्यानंतर पास नाही, शॉट. पुढच्या मॅचपासून आमच्या बेंचवर जी बसेल तिचं हेच काम. आता आम्ही इथे नागपुरात रविवारी खेळतो तेव्हाही मोबाइलवर 24 चा टायमर लावून खेळतो, तुम्हीही लावा, महिन्याभरात फरक पडतो.

बॉलचं पण सांगायचं राहिलं. आम्ही मुली कॉलेजात सात नंबरच्याच बॉलने खेळलो, मुलांचाच बॉल. बायकांसाठी आंतरराष्ट्रीय मॅचला सहा नंबरचा बॉल आला 2004 मध्ये, तोवर माझं खेळणं संपलेलं. सहा नंबर हातात घेतला आणि पहिल्यांदा बोटं नीट बसली, एका हाताने पास जायला लागला. आनंद झाला आणि वाईटही वाटलं, हा बॉल वीस वर्षांच्या वयात हातात असता तर. पण सवय नसेल तर सुरुवातीला सगळे शॉट लांब जातात, रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर. जायच्या आधी तीन महिने तरी सहा नंबरनेच खेळा, पाचशे-हजार कमी लागतात म्हणून मुलाचा बॉल घेऊन प्रॅक्टिस करू नका.

आणि बूट. आपण सगळे सिमेंटवर वाढलेलो. तिथे लाकडी फ्लोअर, आणि सिमेंटवर घासलेला तळवा लाकडावर सरकतो. आतल्या फ्लोअरसाठी वेगळी जोडी न्या, ती रस्त्यावर घालायचीच नाही, हॉलमध्ये गेल्यावर पिशवीतून काढायची. बेंचजवळ एक ओला नॅपकिन ठेवा, आत जाताना तळवे त्यावर पुसायचे. समोरच्या टीम हे अगदी सहज करत होत्या, आम्ही बघून शिकलो.

व्हिसा आणि प्रवासाचं पटकन सांगते. तुमच्या पासपोर्टवर अमेरिका, यूके, शेंगेन, जपान वगैरेंचा व्हिसा असेल, किंवा संपून दहा वर्षं झाली नसतील, तर तैवानचं ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन फुकट मिळतं. आमच्यात तिघींना ते चाललं, बाकीच्यांना रीतसर व्हिसा काढावा लागला. तैवानची आपल्याकडे एम्बसी नाही, तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर म्हणून ऑफिस असतं, दिल्ली, चेन्नई आणि 2024 पासून मुंबईलाही आहे. नियम बदलत असतात तेव्हा भरायच्या आधी एकदा बघून घ्या. आम्ही मुंबईहून बँकॉकमार्गे गेलो. विमानतळावरून शहरात यायला मेट्रो आहे, 150 तैवानी डॉलर, एक डॉलर तेव्हा साधारण पावणेतीन रुपयांना पडत होता. सामानात फळं आणि मांसाचं काही नेऊ नका, मांसाला तर दंड फार मोठा आहे. दुखण्याचा स्प्रे केबिन बॅगेत ठेवू नका, माझे दोन्ही डबे मुंबईलाच सिक्युरिटीत गेले. निदान दोन दिवस आधी पोचा, वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे सकाळी नऊची मॅच शरीराला साडेसहाची वाटते.

17 मेला तैपेई डोममध्ये उद्घाटन झालं. काठ्या टेकत आलेले आजोबा, जर्सी घातलेल्या सत्तरीतल्या आज्या, सगळे खेळाडू म्हणून आलेले. आमची इंदूरची ताई सगळ्यात मोठी, 56 ची, एरवी फार बोलत नाही, ती माझा हात धरून म्हणाली की अगं आपण तर इथे लहान आहोत.

दुसरी मॅच तैवानच्याच टीमशी होती. सुरुवातीला ओळीत उभ्या राहून त्यांनी वाकून नमस्कार केला, आम्हीही हात जोडले. त्यांच्यात एक बुटकीशी बाई, केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा, पळत जवळजवळ नव्हतीच. पण ती 45 अंशात ठरावीक जागी येऊन उभी राहायची आणि तिथून बोर्ड शॉट, एकेक शॉट आत. मी तिच्यावर डिफेन्सला होते आणि मला कळत होतं ती कुठे जाणार, तरी थांबवता येईना, कारण बॉल तिच्याकडे यायच्या आधीच तिचे पाय लागलेले असायचे. हरलो, पण या वेळी नऊने. मॅच झाल्यावर मी मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर विचारलं की हे कसं करता. तिने मोबाइलकडे बघितलंच नाही, माझं कोपर धरलं, त्या जागेवर नेऊन उभं केलं, बोर्डवरच्या छोट्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं, आणि माझ्या पायाला स्वतःच्या पायाने हलकेच ढकलून उजवं पाऊल चार बोटं पुढे केलं. मग बॉल हातात दिला. पहिला गेला नाही, दुसरा गेला, आणि तिने टाळ्या वाजवल्या. मी तिला पैठणीच्या कापडाचं छोटं पाकीट दिलं, तिने तिच्या टीमची पिन माझ्या बॅगेला लावली. ती पिन अजून तिथेच आहे. अशा छोट्या वस्तू पंधरा-वीस तरी न्याच, प्रत्येक मॅचनंतर देणंघेणं होतं आणि हात रिकामे असले की फार अवघडल्यासारखं होतं.

तिसरी मॅच आम्ही चार पॉइंटने जिंकलो. त्यातले दोन माझे, त्याच जागेवरून, बोर्डवर मारून. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र माझी डावी पोटरी भरून आली आणि कट मारताना खाडकन ओढ बसली. मी बाहेर बसून शेवट बघितला. चौथ्या मॅचला मी जर्सी घालून बेंचवर 'दहा' ओरडत होते, ती हरलो.

यावरून दोन गोष्टी. इन्शुरन्स घेताना बारीक अक्षरं वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत बहुतेक वेळा धरत नाहीत, माझीही धरली नाही, खेळाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. आणि आपली शेकायची इलेक्ट्रिक पिशवी नेऊ नका, तिथे व्होल्टेज 110 आहे, ती कोमट पण होत नाही. त्यापेक्षा बेइतोला जा. तैपेईच्या मेट्रोने लाल लाइनवर बेइतो, तिथून एक स्टेशन शिनबेइतो, उतरल्यावर चालत जाण्याच्या अंतरावर एका बागेत गरम झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसायची जागा आहे, पैसे नाहीत, पाय आधी बाहेर धुवायचे. मी दोन दिवस तासतासभर बसले. शेजारच्या आजीबाई मला पोटरी कशी दाबायची ते दाखवत होत्या. सूज नवीन असताना मात्र आधी बर्फ, गरम पाणी दोन-तीन दिवसांनी, आमच्या पुण्याच्या फिजिओ मैत्रिणीने फोनवर हेच सांगितलं म्हणून मी थांबले.

मेट्रोत पाणीसुद्धा पीत नाहीत हे लक्षात ठेवा. गेटच्या आत पिवळी रेघ ओलांडली की खाणं-पिणं-च्युइंगगम सगळं बंद, 1500 तैवानी डॉलरपासून दंड आहे. आमची एक खेळून दमून आली आणि बाटली उघडली, तर समोरच्या आजोबांनी न रागावता हाताने नाही म्हणून खूण केली, तिने लगेच बंद केली. खेळून झालं की स्टेशनात शिरायच्या आधीच पोटभर पाणी पिऊन घ्या.

शाकाहारींनी घाबरू नका, उलट मला तिथे सोपं गेलं. 素 हे चिन्ह मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, ते पाटीवर दिसलं की शाकाहारी, बौद्ध लोक बरेच असल्याने अशी दुकानं पुष्कळ आहेत, ताट भरून वजनावर पैसे. काही ठिकाणी अंडं असतं, तेवढं विचारा. कांदा-लसूण बहुतेक नसतो त्यामुळे दोन दिवसांनी जीभ कंटाळते, मी शेंगदाण्याची चटणी नेली होती, आम्हा नऊजणींना ती पाच दिवस पुरली. छत्री न्या, मे अखेरीस पाऊस असतोच आणि घाम आपल्या मुंबईसारखा.

खर्च मला सगळा मिळून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास आला, विमानाचं तिकीट सर्वांत मोठं.

पुढचे वर्ल्ड मास्टर्स गेम्स जपानला, कानसाई भागात, 14 ते 30 मे 2027. ते एका शहरात नाहीत, खेळ वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले आहेत, तेव्हा आपली मॅच कुठे ते कळेपर्यंत हॉटेल बुक करू नका. आम्ही जातोय. सातजणी नक्की आहेत, सेंटर मात्र नाही. चाळिशी पार केलेली, रिबाउंडला न लाजता जाणारी कोणी असेल तर कळवा, गाव कुठलंही चालेल, दोन महिन्यांतून एकदा पुण्याला प्रॅक्टिसला यायची तयारी हवी. बॉल सहा नंबरचा, आम्ही आणतो.