मोरोगोरोत रोज सकाळी माझ्या आईची चौकशी व्हायची

मी वसईची, कॅथलिक सिस्टर. टांझानियात कामाला आले, तेव्हा पहिले काही दिवस दार-ए-सलाममध्ये गेले. रहिवासी परवाना, बोटांचे ठसे, सिमकार्ड आणि उकाडा, यापलीकडे त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हवा वसईसारखीच दमट, रिक्षाला सगळे 'बजाजी' म्हणतात, आणि उपांगा भागातून जाताना मधूनच गुजराती बोलणं कानावर पडतं. मला लिहायचंय ते मोरोगोरोबद्दल, आणि त्यातही तिथल्या एका आजीबद्दल.

पण आधी मनातली एक गोष्ट बोलून टाकते. निघण्यापूर्वी वसईला आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, माझा निरोप समारंभ झाला. गायनमंडळाने सुंदर गाणी म्हटली, बायकांनी घरच्या सुकेळ्यांची पाकिटं बांधून दिली, लहानपणी शिकवणाऱ्या बाई लांबून भेटायला आल्या. त्या मायेला तोड नाही. मात्र भाषणं झाली त्यात जवळजवळ प्रत्येकाने 'अंधाऱ्या खंडात ज्योत घेऊन निघालेली आपली लेक' असं काहीतरी म्हटलं, आणि ते मला लागलं. अजून लागतंय.

टांझानियाच्या किनाऱ्यावर बागामोयो नावाचं गाव आहे. तिथे १८६८ साली कॅथलिक मिशन सुरू झालं. गुलामांच्या बाजारातून सोडवलेल्या माणसांसाठी मिशनच्या आवारातच वस्ती उभी राहिली. आधुनिक काळातले पहिले आफ्रिकन कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, लॉरियन रुगांब्वा याच देशातले. आपले पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ साली झाले, रुगांब्वा १९६० साली. मध्ये फक्त सात वर्षं. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे नेमाने मिस्सेला जाणारे कॅथलिक होते आणि त्यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया २००५ पासून चालू आहे. हे सगळं ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे मी कुठली ज्योत घेऊन जाणार?

आणि वसईकरांनी तरी असं बोलू नये. आपले संत गोन्सालो गार्सिया वसईहून जपानला गेले, तिथल्या लोकांची भाषा शिकले, व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात बंधू होऊन इतर मिशनऱ्यांचे दुभाषी झाले. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, ते त्या लोकांमधलेच एक होऊन. आपल्याकडे त्यांचा सण थाटात होतो. ते भाषा शिकले, याबद्दल कुणी प्रवचनात बोललेलं मला आठवत नाही.

दार-ए-सलामहून आमच्या सुपिरियर, म्हणजे इथल्या आमच्या घराच्या प्रमुख सिस्टर, मला एका दिवसापुरतं बागामोयोला घेऊन गेल्या. त्या स्वतः टांझानियाच्याच, वयाने माझ्या आईएवढ्या. जुन्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी महिनोन्महिने चालत खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला, तो फेब्रुवारी १८७४ मध्ये या चर्चमध्ये ठेवला होता. त्या सोबत्यांतला जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूरला मिशनने आश्रम आणि शाळा चालवली होती, तिथला तो विद्यार्थी. मी नाशिकला नर्सिंग शिकत होते तेव्हा शरणपूर रोडवरून रोज जात असे. मनोऱ्याखाली उभी राहून मी सुपिरियरना हे सांगितलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, म्हणजे आमची मुलं तुमच्या गावात राहून गेली आहेत, आता तू आमच्यात राहा. मागच्या दफनभूमीत पहिल्या मिशनऱ्यांच्या कबरी आहेत. कितीतरी जण पंचविशी-तिशीत तापाने गेलेले. त्यांच्यातल्या अनेकांना इथे काही काम करायला फार वेळच मिळाला नसेल, हा विचार त्या दिवशी मनातून गेला नाही.

मोरोगोरोला २०२४ साली सुरू झालेल्या विजेवरच्या रेल्वेने गेलो. गाडी स्वच्छ आणि वेळेवर. पूर्वी रस्त्याने अर्धा दिवस मोडायचा, आता दोनेक तासांत पोहोचता येतं. मोरोगोरो जवळ आलं की घायपाताचे मळे लागतात, निळसर हिरव्या रांगा थेट डोंगरापर्यंत. तो डोंगर म्हणजे उलुगुरू. त्याच्यावर ढग अडतात, नद्या निघतात, आणि त्या पाण्यावर खाली दार-ए-सलाम जगतं. आमचं घर शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. आजूबाजूला केळीच केळी. वसईच्या मुलीला आणखी काय हवं! जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं कालवण, माठासारखी म्चिचा नावाची पालेभाजी, घेवडा आणि दगा. दगा म्हणजे तळ्यातली वाळवलेली बारीक मासळी. पहिल्या संध्याकाळी ती तव्यावर पडली आणि वसईच्या पाचूबंदरला वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखालून चालल्यासारखं वाटलं. मी इतकी जेवले की स्वयंपाक करणारी मुलगी खूश झाली.

आजी आमच्या कुंपणापलीकडे राहायची. विटांचं घर, वर पत्रा, दारात आंब्याचं झाड. सकाळी मिस्सेहून परतताना ती सुपात तांदूळ पाखडत बसलेली असे. इथे लहानाने मोठ्याला आधी 'शिकामो' म्हणायचं, मोठ्याने 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं. एवढं मला निघण्यापूर्वीच पाठ होतं. पण आजीचं त्यावर भागत नसे. ती सूप खाली ठेवायची आणि एकेक विचारायची. कशी उठलीस? घरचे कसे उठले? काम कसं आहे? मिस्सा कशी झाली? प्रत्येकाला 'छान' म्हणायचं, मग तेच तिला विचारायचं, तिचं ऐकून घ्यायचं. घाई दिसली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सोबत स्वयंपाकवाली मुलगी असे, तिला थोडं इंग्रजी येतं, तिच्यामार्फत एकदा आजीने विचारलं, आई आहे का तुझी?

आहे म्हटलं. वसईला, भाऊ आणि वहिनीजवळ. गुडघे दुखतात.

लेक जवळ नाही? वहिनी करते?

इथे मूळचे वालुगुरू लोक. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, जमीन आईच्या कुळाकडून येते. लेक म्हणजे घराचा खांब. अशा बाईला, आईला समुद्रापलीकडे ठेवून आलेली लेक कशी समजायची? मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या 'शिकामो'नंतर तिचा पहिला प्रश्न बदलला. मिस्सा, काम, घर सगळं मागे गेलं. आधी, तुझी आई कशी उठली?

आता याचं उत्तर माहीत नसताना द्यायचं कसं? 'छान' म्हणून पुढे जाता आलं असतं, पण ज्या चेहऱ्याने ती विचारायची त्याच्यासमोर ते शक्य नव्हतं. म्हणून मी संध्याकाळी आईला फोन करायला लागले. नोव्हिशिएटपासून, म्हणजे सिस्टर होण्याच्या शिक्षणाला गेले तेव्हापासून, आमचं बोलणं महिन्यातून एकदा, फार तर दोनदा व्हायचं. आता रोज. इथे साडेसहा म्हणजे तिच्याकडे रात्रीचे नऊ, जपमाळ आटोपून ती अंथरुणावर पडलेली असते. पहिल्या दोन-चार फोनांना ती घाबरली. बरं आहे ना गं तुझं? मग मी तिला आजीबद्दल सांगितलं. आई बराच वेळ हसली आणि म्हणाली, तिला सांग, आज उजवा गुडघा जास्त आहे.

मी सांगितलं. आजीने उठून आपला गुडघा दाखवला. डावा. मग कुठल्याशा पानांचा लेप सांगितला. मी तो आईला सांगितला. आईने उलट ओव्याचा शेक सांगितला. अशा त्या दोघी बोलायला लागल्या, एक आमच्या वसईच्या सामवेदी बोलीत, एक किलुगुरू-स्वाहिलीत, मध्ये मी आणि स्वयंपाकवाली मुलगी. आईला आजीच्या नातवंडांची संख्या माहीत झाली. आजीला कळलं की आमच्या वाडीतही केळी आहेत आणि आम्ही ती वाळवून सुकेळी करतो. मी पाकिटातलं एक नेऊन दिलं. तिने चावून पाहिलं, उरलेलं कमरेच्या कापडात गुंडाळून ठेवलं.

बाकी दिवस कसे गेले ते आता नीट आठवत नाही. भाषेचा वर्ग, दवाखान्याची ओळख, मच्छरदाणी, सूर्य उगवल्यापासून तास मोजण्याची इथली रीत, ज्यात आपले सकाळचे सात म्हणजे एक. भाषेच्या पुस्तकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात स्टेशन कुठे आहे, किंमत किती, हे सगळं पहिल्या धड्यात आहे. कुणाच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करायला लागणारी वाक्यं कुठल्या कुठे मागे ढकलली आहेत. मी ती आजीकडून शिकले.

एका पहाटे पलीकडून रडण्याचा आवाज आला. आजी झोपेतच गेली होती.

सुपिरियर मला म्हणाल्या, चल, बसायचं आहे. मी विचारलं, काय म्हणायचं असतं? त्या म्हणाल्या, काही नाही, बसायचं. अंगणात चटया पसरल्या होत्या, बायका एकीकडे, पुरुष आंब्याखाली बाकांवर. एका शेजारणीने मला थांबवलं आणि आपल्याजवळचा खांगा, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, माझ्या झग्यावरून कमरेला बांधला, जसा तिथल्या सगळ्या बायकांनी बांधला होता. मग मला आजीच्या लेकीशेजारी जागा करून दिली. मी बसले. दिवसभर बसले, रात्री बसले, दुसऱ्या दिवशीही. कुणी रडायचं, कुणी गायचं, कुणी आजीची एखादी गोष्ट सांगायचं आणि सगळ्या हसायच्या. मोठमोठ्या पातेल्यांत भात आणि घेवडा शिजत होता. आजी कॅथलिक, तिचा धाकटा भाऊ मुसलमान. बोकड कापला तो मुसलमान शेजाऱ्याने, म्हणजे सगळ्यांना एकाच पातेल्यातलं जेवता यावं. हे कुणी ठरवावं लागलं नाही, इथे तसंच करतात. माझ्या देशात आज ताटावरून जे चालतं ते आठवून मला तिथे फार वाईट वाटलं.

बसल्या बसल्या एकदा आजीची लेक माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले, आवाज गेलेला. आईचं प्रेत आत खोलीत होतं. तिने मला विचारलं, तुझी आई कशी उठली?

मला बोलता आलं नाही. मी तिचा हात धरला. ती मान हलवत राहिली, जणू उत्तर मिळालं.

दफनाला सगळी वस्ती होती. कबर शेजारच्या तरुणांनीच खणली. फादरांनी प्रार्थना म्हटली, गायनमंडळ थांबलं नाही, आणि मातीवर फुलं ठेवायला एकेका गटाला नाव घेऊन बोलावलं. लेकी, नातवंडं, भाऊ, शेजारी. शेजाऱ्यांबरोबर मी गेले.

त्या रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिचं पूर्ण नाव काय? मी मिस्सा लावते. मी आजीच्या लेकीकडून नाव एका कागदावर लिहून घेतलं आणि आईला अक्षर अक्षर सांगितलं. रविवारी पहिल्या मिस्सेला आमच्या चर्चमध्ये ते वाचलं गेलं. भावाने सांगितलं, फादर आधी अडखळले, मग नीट म्हटलं. ज्या चर्चमध्ये माझ्या निरोपाची ती भाषणं झाली होती, तिथेच.

इथे मयताच्या घरी एक वही असते. कुणी किती मदत दिली ते तीत लिहितात, नाव, वस्ती, शिलिंग. हजार, दोन हजार, ज्याला जमेल तसं. आईने भावाला सांगून माझ्याकडे शंभर रुपये धाडायला लावले, त्याचे साधारण तीन हजार शिलिंग होतात. मी ते घेऊन गेले. वही सांभाळणारा मास्तर शेजारच्या शाळेत शिकवतो. त्याने आईचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यासाठी विचारलं, कुठली वस्ती? वसई, म्हटलं. त्याने लिहिलं, आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला केळी सोलायला सकाळी लवकर ये, असं मला सांगून वही मिटली.