रस्ता बंद, साइट चालू

2016 साली मी कतारमध्ये, दोह्यात एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. आमची साइट पर्लवर, म्हणजे समुद्रात भराव टाकून उभारलेल्या श्रीमंत बेटावर. त्या ऑक्टोबरात तिथे रोड सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. मध्यपूर्वेत ती पहिल्यांदाच येत होती. शेवटच्या दिवशी, 16 तारखेला, पुरुषांची मोठी शर्यत: आधी दीडशे किलोमीटर वाळवंटातून, मग पर्लवर 15.2 किलोमीटरच्या सात फेऱ्या. एकूण साधारण 257 किलोमीटर. त्या फेऱ्यांचा रस्ता आमच्या गेटसमोरून जात होता.

कंपनीला त्याचं कौतुक नव्हतं. काँक्रीटच्या गाड्या येणार नाहीत म्हटल्यावर स्लॅब पुढे ढकलला आणि माणसांना सळई बांधायला लावलं. रविवार होता, पण तिकडे तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आठवडा सुरू. रस्त्यावर प्रेक्षक नाहीत म्हणून परदेशी पत्रकार नाकं मुरडत होते. अहो, बघायला येणारे बरेचसे लोक ड्युटीवर होते!

उन्हाची चर्चा मात्र जोरात होती. पारा 37 च्या आसपास, त्यात समुद्राचा दमटपणा. फारच तापलं तर वाळवंटाचा भाग गाळून नुसत्या सात फेऱ्या घ्यायच्या, इथपर्यंत आयोजकांची तयारी होती. डॉक्टर, बर्फ, जादा पाणी, सगळ्याचा विचार झालेला. सायकलवाल्यांवर माझा काही राग नाही. असाच विचार व्हायला हवा. फक्त आमच्याकडे तो तारखेने व्हायचा. कतारच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे उघड्यावरचं काम दुपारी साडेअकरा ते तीन बंद, पण 15 जून ते 31 ऑगस्ट एवढंच. 1 सप्टेंबर उजाडला की कागदावरचा उन्हाळा संपला. ऑक्टोबरात तर विषयच नाही.

अडीचच्या सुमारास चौथ्या मजल्यावरून फोरमनचा फोन आला, "साब, एक लडका ठीक नहीं है." वर गेलो. नेपाळी हेल्पर, पंचविशीतला. सळयांच्या जाळीवर उकिडवा बसला होता आणि हातातला लोखंडी आकडा गरागरा फिरवत होता, बायंडिंग वायर पिळतात तसा. आकड्यात वायरच नव्हती. समोर बांधायला काही नव्हतं. नाव विचारलं तर भलतंच बोलला. गालावर हात लावला तर भट्टीसारखा तापलेला, आणि घाम नाही. घाम असता तर मी इतका घाबरलो नसतो.

चौघांनी स्ट्रेचरवरून जिन्याने खाली आणलं. कव्हरऑल कात्रीने फाडलं, पिण्याच्या कूलरची बादली अंगावर ओतली, कँटीनमधला बर्फ फडक्यात बांधून मान, काखा, जांघा सगळीकडे लावला, पंखा सोडला. कोणीतरी ओआरएसचा ग्लास घेऊन आला, त्याला मी ओरडून थांबवलं. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजलं तर ते श्वासनलिकेत जायचं. दरम्यान 999 ला फोन झाला होता. ॲम्ब्युलन्स आली लवकर, पण थांबली बॅरिकेडच्या पलीकडे. मध्ये शर्यतीचा रस्ता.

एका फेरीला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे घोळका एकदा गेला की पुढची वीस मिनिटं आपली, असा माझा हिशोब. पुढचे आले. आवाज आधी येतो, चेनचा आणि टायरचा एकत्र, मधमाश्या उठल्यासारखा. मग रंग, मग संपलं. मोजून पंचवीसएक असतील. आम्ही स्ट्रेचर उचललं, तर कोपऱ्यावरच्या पोलिसाने हात आडवा केला. वाळवंटात आडव्या वाऱ्याने घोळक्याचे तुकडे पडले होते. बेल्जियमच्या गड्यांनी वारा बघून जोर लावला, मागचे तुटले ते तुटलेच. टीव्हीवर बघणाऱ्याला ती दिवसाची सगळ्यात मोठी गंमत. आमच्यासाठी अर्थ एवढाच की आता एक घोळका नाही, तुकड्या येणार. मागून संघांच्या गाड्या, मोटरसायकली, मग पुन्हा सायकली. मोकळा रस्ता म्हणावा असा वेळच सापडेना.

पोलीस वायरलेसवर अरबीत बोलत होता. मी बर्फ बदलत होतो. शेवटी त्याने आमच्याकडे न बघताच बोटं हलवली, "यल्ला, यल्ला!" दोन मार्शलांनी बॅरिकेड सरकवलं आणि आम्ही धावत सुटलो. पलीकडे पोचून मागे वळलो तर एकटाच सायकलस्वार चालला होता, जर्सीची चेन पोटापर्यंत उघडी, मान खाली. निम्म्याहून जास्त गड्यांनी त्या दिवशी शर्यत अर्धवट सोडली. त्यांना थांबायची मुभा होती.

जिंकला स्लोव्हाकियाचा पीटर सगान, लागोपाठ दुसऱ्या वर्षी. कॅव्हेंडिश दुसरा, बूनेन तिसरा. हे मला रात्री कॅम्पवर कळलं, इन्सिडंट रिपोर्ट लिहिताना.

त्या रिपोर्टवरून जे रामायण झालं ते शर्यतीपेक्षा लांबलं. प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं, पोराने नाश्ता केला नव्हता, तसं लिहा. नाश्ता त्याने केला होता. मी कँटीनवाल्याला विचारून ठेवलं होतं. टाइमकीपरने मस्टरवर अर्धा दिवस लावला होता, तो पूर्ण करून घ्यायलाही चार ठिकाणी सह्या लागल्या. पोरगा वाचला. हॉस्पिटलातून परत आला तेव्हा त्याला सळया, मजला, सायकली, काहीच आठवत नव्हतं. फाडलेल्या कव्हरऑलचे पैसे कापणार का, एवढं त्याने विचारलं.

2021 मध्ये कतारने नियम बदलला. बंदी आता 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. शिवाय डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ऊन, दमटपणा आणि वारा मिळून येणारं तापमान, 32.1 च्या वर गेलं की तारीख कुठलीही असो, काम थांबवायचं. आमची 16 ऑक्टोबर या नव्या तारखांतही बसत नाही. तिथे उपयोग फक्त त्या आकड्याचा, आणि आकडा कळायला मीटर लागतो. म्हणून हल्ली कुठल्याही साइटवर रुजू झालो की मी आधी मीटर कुठे ठेवलाय ते विचारतो. बहुतेक वेळा तो सेफ्टीच्या केबिनमध्ये, एसीखाली सापडतो.