पाइनफोनसाठी स्टॉपवॉच: ०.३ चं पॅकेज झालं

पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनसाठी मी लिहिलेलं स्टॉपवॉच आज पहिल्यांदा नीट ‘इन्स्टॉल’ झालं. आजवर बायनरी (कोडपासून बनलेली, चालणारी फाइल) होम फोल्डरात टाकून टर्मिनलमधून चालवत होतो. आता डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) आहे, मेनूत आयकॉन आहे, काढायचं म्हटलं तर मागे काही उरत नाही. अ‍ॅप साधंच आहे: सी भाषा आणि जीटीके ४ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी), खाली अंगठ्याला पोचतील अशी दोन बटणं, वर देवनागरी आकड्यांत वेळ. फोनवर मोबियन आहे, डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेलं.

०.१ तर सुरूच झालं नव्हतं. बिल्ड लॅपटॉपवर, डेबियन १३ च्या आर्म६४ (फोनच्या प्रोसेसरचा प्रकार) सीएचरूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरात उभ्या केलेल्या वेगळ्या सिस्टिममध्ये, केला होता. फोनने सांगितलं, जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी) २.३८ सापडत नाही. फोनवर २.३६. नवं असं मी काहीच वापरलं नव्हतं, म्हणून ऑब्जडंप या साधनाने बायनरी उघडून पाहिली. एकच सिम्बॉल (फंक्शनचं नाव) २.३८ मागत होता, तो मजकुरातून आकडा वाचणाऱ्या साध्या ‘स्ट्रटोल’चा. ‘जीएनयू सोर्स’ मॅक्रो लावला की २.३८ पासूनचे हेडर त्या कॉलला गुपचूप नव्या नावाकडे वळवतात. डीबूटस्ट्रॅपने डेबियन १२ चा आर्म६४ सीएचरूट उभा केला, क्यूएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) त्यातच बिल्ड केलं आणि प्रश्न मिटला. क्यूएमयूवर बिल्ड संथ होतो, पण एवढ्याशा कोडला चालतं. हीच बायनरी पॅकेजमधून आली असती तर एपीटीने (डेबियनवर पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) ती दारातच अडवली असती, कारण लागणारी आवृत्ती अवलंबनांत (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीत) आपोआप लिहिली जाते. म्हणून पॅकेजिंग शेवटी करायचं काम आहे, हे मला आता पटत नाही. पुढच्या अ‍ॅपला पहिल्या दिवशीच पॅकेजिंगचं ‘डेबियन’ फोल्डर करणार.

०.२ सुरू झालं, पण वेळेच्या जागी नुसत्या चौकटी! प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरांत ०९६६, ०९६७ असं काहीतरी. हे शून्य आणि एकचे युनिकोड क्रमांक: फाँट मिळाला नाही की पँगो (पडद्यावर मजकूर काढणारी लायब्ररी) असं दाखवतं. माझ्या फोनवर देवनागरी फाँटच नव्हता. अवलंबनं शोधणारी स्क्रिप्ट फक्त बायनरी कोणत्या लायब्ररींशी जोडली आहे ते पाहते, फाँट तिला दिसत नाही. म्हणून पॅकेजच्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये लोहित देवनागरी या फाँटचं पॅकेज हाताने लिहिलं. इन्स्टॉल करताना फाइलच्या नावाआधी टिंब-स्लॅश द्या, नाहीतर एपीटी ते नाव रेपॉझिटरीत शोधत बसतं. नुसत्या डीपीकेजी-आय या आज्ञेने फाँट ओढला जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला घड्याळावर. शेजारी भिंतीवरचं घड्याळ ठेवून दहा मिनिटं मोजली, तर फोन चार मिनिटं आणि काही सेकंद दाखवत होता. लॅपटॉपवर हे कधीच झालं नव्हतं, कारण तिथे मी समोर बसलेला असतो, मशीन झोपत नाही. फोन स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने सस्पेंड होतो, आणि जीलिब (जीटीकेच्या खालची लायब्ररी) ज्या ‘मोनोटॉनिक’ घड्याळावर वेळ मोजतं ते तेवढा काळ थांबतं. ‘बूटटाइम’ घड्याळ झोपेतही पुढे सरकतं. तो एक कॉल बदलला आणि पुन्हा मोजलं: दहा मिनिटांना दहा मिनिटं. हातातल्या लिनक्ससाठी वेळ मोजणारं काहीही लिहीत असाल तर हे आधी तपासा.

मेनूतल्या आयकॉनची माहिती असलेल्या डेस्कटॉप फाइलमध्ये ‘एक्स-प्युरिझम-फॉर्मफॅक्टर’ ही ओळ घालून तिथे मोबाइल लिहा. ती नसेल तर फॉश (फोनचा होम-स्क्रीन आणि मेनू) फक्त मोबाइलची अ‍ॅप्स दाखवत असताना आपलं अ‍ॅप यादीत येत नाही.

आकडे अजून थोडे थरथरतात, कारण १ आणि ९ ची रुंदी वेगळी. प्रत्येक अंकाला स्वतंत्र, ठरावीक रुंदीचं लेबल देऊन पाहतोय. ते जमलं की ०.४, आणि मग लॅपची (फेऱ्यांच्या वेळांची) यादी.